दुसरा बाण

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये आमच्या फुफ्फुसात ७ मिलिमीटरची गाठ दिसली. निदान मात्र अनिर्णीत राहिले. एवढ्या लहान गाठी बहुधा निरुपद्रवी असतात; ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढ तपासतात, असे डॉक्टरांनी सांगितले. तरी वडनेर भोलजीच्या रात्री दीर्घ झाल्या.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तानुसार शरीराची वेदना हा पहिला बाण, मनाची तळमळ हा दुसरा. इतिहासात एकाच साधनावरून निष्कर्ष काढू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. तोच नियम स्वतःला लावला. घरच्यांना सारे सांगितले, सकाळी आनापानसती सुरू केली. भीती सरलेली नाही. परंतु वर्गात उभे राहिलो की तिचा विसर पडतो.

आपणांपैकी कोणी अशा प्रतीक्षेत असल्यास फेरतपासणीची तारीख चुकवू नये. तोवरचे दिवस मात्र भीतीच्या स्वाधीन करू नयेत.