शोकानंतरची शुश्रूषा
मेहरबाई टाटा यांचे 1931 मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाने, निधन झाले. पुढच्याच वर्षी पती दोराबजी यांनी त्यांच्या नावे या रोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापला, आणि दोराबजींच्या स्वतःच्या नावाच्या दुसऱ्या न्यासाच्या पैशातून 1941 मध्ये मुंबईत परळला कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. एवढे धन फार थोड्या कुटुंबांपाशी असते, हे उघडच आहे. पण सामान्य घरातही आजारपण सरल्यावर एक विचित्र शिल्लक उरते, ती म्हणजे कोणता कागद कोणत्या खिडकीवर लागतो, केमोथेरपीने, अर्थात कर्कपेशी मारणाऱ्या औषधांनी, तोंड आले की घशाखाली काय उतरते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा निवारा कोठे मिळतो, याचे ज्ञान. जाडजूड फाईल छातीशी धरून परळच्या पदपथावर उभ्या असलेल्या नातेवाइकाला, ज्याच्या स्वतःच्या थकव्याची नोंद त्या फाईलमध्ये कोठेच नसते, हे सांगणारा, स्वतः त्यातून गेलेला माणूस डॉक्टरांइतकाच हवा असतो. मात्र अशा मदतीने सांगणाऱ्याचे दुःख हलके होते की रोज नव्याने उघडे पडते, याचे उत्तर माणसागणिक बदलते. काही जण मध्येच थांबतात, आणि त्यांचे थांबणेही समजण्यासारखे असते.