नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी

माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मला दिवस गेलेत हे मला पाचव्या महिन्यात कळलं. थोरली तेरा महिन्यांची होती, अंगावर पीत होती, आणि तिच्या बाळंतपणानंतर मला पाळी आलेलीच नव्हती. जी आलीच नाही ती चुकणार कशी? अंग जड व्हायचं, दुपारी बसल्याबसल्या डोळे मिटायचे, लसणाची फोडणी बसली की चुलीपुढून उठून जावंसं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय, आलं-लिंबू चाट. मी चाटत राहिले. मग एका दुपारी कापूस वेचताना ओटीपोटात मासोळी फिरल्यासारखं झालं. पहिलटकरीण असते तर कदाचित कळलंही नसतं, पण ते फिरणं माझ्या ओळखीचं होतं. वेचणीची झोळी तशीच कमरेला, आणि मी सरीत मटकन खाली बसले.

दवाखान्यात रक्त तपासलं तर साडेसात. मुलगा झाला तो दोन किलो शंभर ग्रॅमचा. आज तो उंचीने माझ्या डोक्यावरून गेलाय, पण ती पाच महिन्यांची आंधळी वाट मी विसरले नाही. अंगावर पाजत असलं की दिवस जात नाहीत, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ते धरून चालले होते. ते खरं असतं, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही दिलेलं नको आणि आईची पाळी परत सुरू झालेली नको. माझी लेक आठव्या महिन्यात वरणभात खात होती. आणि बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच बीज सुटलेलं असू शकतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे २००९ सालचं. पुढच्या वर्षी मी गावची आशा झाले.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. बालाघाटाच्या डोंगरावर पाणी कमी, त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत यायचं नसतं. म्हणून माझ्या कामाचा सगळ्यात घाईचा महिना म्हणजे आश्विन. कोण गरोदर आहे हे गाड्या निघायच्या आत मला कळलं पाहिजे, आणि माझ्या आधी त्या बाईला स्वतःला कळलं पाहिजे.

सुरुवातीला मी विचारायचे, “शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?” उत्तर यायचं नाही. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या किंवा “काय की” म्हणायच्या. मग एकदा एक आजीबाई म्हणाल्या, “अगं, तारीख काय विचारतीस? सण विचार.” तेव्हापासून मी सण विचारते. पोळ्याच्या आदल्या दिवशी. आखाडीला. राखीपौर्णिमेला माहेरी गेले त्या रात्री. दिवस इतका नेमका सांगतात की मला पुन्हा विचारावं लागत नाही. त्यामागचं कारण मात्र मला टोचतं. त्या चार दिवसांत देवाला शिवायचं नाही, म्हणून कोणता सण हुकला ते बाईच्या मनात राहून जातं. ती शिवाशीव मला पटत नाही, माझ्या घरात मी ती बंद केली आहे. पण त्या आठवणीचा उपयोग मी करते. वहीत आधी सण लिहिते, मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्याची तारीख लावते.

ज्या सुनेविषयी मला सांगायचंय, तिच्या घरी मी पाचव्या माळेला गेले होते. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले.

“काय झालं गं?”

“काय की ताई. पाणी बी पोटात ठरंना. निस्तं मळमळायलंय.”

सासू आतून म्हणाली, “नऊ दिवसांचा उपास धरलाय तिनं. साबुदाण्यानं पित्त झालंय, दुसरं काय न्हाई.”

मला माझं आलं-लिंबू आठवलं. मी विचारलं, “पाळी?”

“आली की. गौरी गेल्यावर.”

“किती दिवस?”

“एक-दीड दिवस. डागच दिसले नुसते. गौरीसाठी गोळ्या घेतल्या व्हत्या ना मी, म्हणून कमी गेलं असंल.”

या गोळ्या आमच्याकडे गौरी-गणपतीत चण्याफुटाण्यासारख्या खपतात. घरात पूजा, सवाष्ण जेवायची, सून बाहेर बसून कसं चालेल, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात, डॉक्टरला न विचारता. गोळी बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी यायला पाहिजे. आठवडा उलटूनही आली नाही, किंवा आली ती नेहमीसारखी नसून नुसते डाग आले, तर गोळीला दोष देऊन गप्प बसायचं नाही. तिने डागांना पाळी मानलं होतं. गर्भ पिशवीत रुजताना किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत काहींना असे थोडे डाग दिसतात. सगळ्यांना नाही, आणि डाग दिसले म्हणजे काळजीचं काही नाही असंही नाही. पण ती पाळी नव्हे.

“त्याच्या आधीची कधी?”

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “नागपंचमीला वारुळाला गेले व्हते मी, म्हंजी तवा नव्हती. तिथून तिसऱ्या दिवशी आली. माहेरी झोका बांधला व्हता, त्यावर बी बसू दिलं न्हाई मला.”

नागपंचमीनंतर तिसरा दिवस ते नवरात्राची पाचवी माळ. मी बोटांवर मोजलं, मग कालनिर्णयावर मोजलं. आठ आठवडे भरत होते. त्या हिशोबाने पाळी यायची होती ती नेमकी गौरी घरी येण्याच्या सुमाराला, म्हणजे गोळ्या घेतल्या तेव्हा गर्भ बहुधा राहिलेलाच होता.

मी तिला प्लास्टिकची कोरडी डबी दिली आणि सकाळची पहिली लघवी धरून ठेवायला सांगितलं. हे सांगायला सोपं आहे. ज्या घरात संडास नाही, तिथली बाई उजाडायच्या आत शेताकडे जाते आणि परत येईपर्यंत कामाला जुंपली जाते. म्हणून डबी आदल्या दिवशीच द्यावी लागते. रात्रभर पाणी प्यायलेलं नसतं, त्यामुळे पहिली लघवी घट्ट असते आणि चाचणीला जे शोधायचं ते तिच्यात जास्त सापडतं. पाळी चुकून बरेच दिवस झाले असतील तर दिवसाच्या कुठल्याही वेळची चालते, पण मी सकाळचीच मागते.

सहाव्या माळेला सकाळी मागच्या खोलीत दार लोटून आम्ही दोघी बसलो. सरकारी किट मला फुकट मिळतं, त्याचं नाव ‘निश्चय’. मेडिकलमध्ये तसलंच पन्नास-साठ रुपयांना मिळतं. पट्टी सपाट जमिनीवर ठेवली, छोट्या नळीने तीन थेंब खड्ड्यात सोडले आणि मोबाईलवर पाच मिनिटं लावली. ओल पुढे सरकते. ‘सी’पाशी रेघ उमटते, ती फक्त किट चांगलं असल्याची खूण. तीच नाही आली तर किट फेकून दुसरं घ्यायचं. ‘टी’पाशी रेघ आली तर दिवस गेलेत, मग ती फिकट का असेना. आणि पाच मिनिटांत बघायचं ते बघून घ्यायचं. वाळलेल्या पट्टीवर दुपारी कधी पुसट छाया दिसते, ती धरायची नाही.

ती पट्टीकडे बघतच नव्हती, दाराच्या फटीकडे बघत होती. दोन रेघा दोन मिनिटांतच आल्या, दोन्ही ठसठशीत. मी पट्टी तिच्यासमोर सरकवली. तिने पदराने घाम पुसला आणि विचारलं, “त्या गोळ्यांनी लेकराला काय व्हईल का?”

याचं उत्तर मी द्यायचं नसतं. गोळ्यांचं पाकीट घेऊन आम्ही दोघी तालुक्याला डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफीत ठोके दिसले. पाकीट बघून डॉक्टर म्हणाले की थोडे दिवस घेतलेल्या गोळ्यांनी घाबरून जाण्यासारखं काही नाही, तपासण्या मात्र चुकवू नका. बसमध्ये येताना तिने पहिल्यांदा माझ्याकडून मागून दोन बिस्किटं खाल्ली.

सगळ्याच जणींचं असं पहिल्या पट्टीत कळत नाही. लग्नाला पाच वर्षं झालेली एक मुलगी माझ्याकडे दर महिन्याला यायची. पाळी यायला चार दिवस असायचे आणि तिची छाती दुखायला लागलेली असायची, अंग तापल्यासारखं वाटायचं. ती पट्टी लावून मोकळी व्हायची, एकच रेघ यायची आणि ती रडायची. मी तिला नाना तऱ्हांनी समजावलं. छाती भरून येणं, गळून जाणं, चिडचिड, हे पाळीच्या आधीही होतं आणि दिवस गेल्यावरही होतं, कारण दोन्ही वेळेला अंगात तेच संप्रेरक चढलेलं असतं. त्या चार दिवसांत दोन्हींतला फरक कुणाला ओळखता येत नाही, मलाही नाही. चाचणी जे शोधते ते एचसीजी नावाचं संप्रेरक गर्भ रुजल्यावरच तयार व्हायला लागतं. रुजायला बीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात, आणि मग ते दर दोन-तीन दिवसांनी दुपटीने वाढतं. आधी बघितलं तर ते असूनही दिसत नाही. पाळीची तारीख उलटू दे, मग बघ. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा बघ. तोवर ‘पाळी यायच्या गोळ्या’ मेडिकलमधून आणू नकोस, दिवस गेलेलेच असतील तर काय होईल?

एका महिन्यात तिने कशीबशी कळ काढली. तारीख उलटल्यावर सातव्या दिवशी पहाटे तिचा फोन आला. ती काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी चप्पल न घालता तिच्या घरी गेले.

दोन रेघा आल्या म्हणजे सगळं ठीक असंही नसतं, हे मला एका शेजारणीने शिकवलं. रेघा आलेल्या, पुढच्या आठवड्यात काळपट डाग आणि ओटीपोटात एकाच बाजूला कळ. ती म्हणाली, वातानं धरलंय. संध्याकाळी खांदा दुखायला लागला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मी १०८ ला फोन केला. गर्भ पिशवीत नसून नळीत होता, नळी फुटली होती आणि रक्त आत साठत होतं. ती वाचली. तेव्हापासून पट्टी दाखवताना मी प्रत्येकीला हे सांगते: एका बाजूची कळ, खांदा दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. पट्टीला गर्भ आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही.

आणि दिवस नको असलेल्याही असतात. तीन लेकरांची आई दोन रेघा बघून सुन्न बसते, तेव्हा तिला लवकर कळलेलं असणं फार मोलाचं असतं. गर्भपात कायद्याने करून मिळतो, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर. पण सहाव्या-सातव्या आठवड्यात तो जितका सोपा असतो तितका चौथ्या-पाचव्या महिन्यात नसतो. मी अशांना सरकारी दवाखान्यात घेऊन जाते आणि वाटेत शक्य तेवढं गप्प राहते.

आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. नजर लागते म्हणतात. तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात, तीही घरातल्या घरात, गुपचूप. पहिल्या दिवसांत गर्भ टिकेलच असं नसतं, आणि गावभर झाल्यावर तो गेला तर बाईला तोंड लपवायला जागा उरत नाही. ही रीत मला म्हणूनच खोटी वाटत नाही, तिच्यात बाईची कणव आहे. पण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या सुमाराला मिटते, म्हणजे पाळी चुकून पंधरवडा होतो न होतो तोवर. फोलिक अ‍ॅसिडची छोटी गोळी त्याच्याही आधीपासून सुरू असायला हवी असते. ओकाऱ्या बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास लागतात, त्यांची वाट बघत बसलं तर ती वेळ गेलेली असते. म्हणून मी सासवांना म्हणते, मावशी, गावाला सांगू नका, मला सांगा. माझी वही पिशवीत असते आणि पिशवी माझ्या खांद्यावर.

त्या सुनेची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी कार्ड भरलं. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख घातली. सासू म्हणाली, “आमच्यात नऊ महिनं नऊ दिवस म्हणत्यात.” सिस्टर म्हणाल्या, “मग दोनच दिवसांचा फरक आहे, मावशी.”

तिने तोडीला जाऊ नये म्हणून मी तिच्या नवऱ्याशी दोनदा बोलले. तो वाईट माणूस नाही. त्याने एवढंच विचारलं, “उचल कोण फेडील, ताई?” मला काही सांगता आलं नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं काम तिला देऊ नकोस, हे मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. पाळलं जाईल की नाही, मला खात्री नव्हती.

गाडी निघायच्या आदल्या रात्री सासूने मला बोलावलं. आतल्या खोलीत पाटावर ती सून बसली होती. बाहेरची बाई म्हणून मी एकटीच होते. सासूने तिची ओटी भरली, हिरव्या खणाची चोळी मांडीवर ठेवली आणि दिवा झाकला. मी माझ्या पिशवीतून तिच्या गोळ्या काढून दिल्या, चौथ्या महिन्यापासून घ्यायच्या लोहाच्या लाल गोळ्या वेगळ्या बांधून. तिने कार्ड चोळीच्या घडीत घातलं, गोळ्या वर ठेवल्या आणि सगळ्याला मिळून एक गाठ मारली.