चित्राखालची ओळ कोण लिहितो?

१५५१ साली अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने रोममधल्या पडक्या कलोसियमची छापचित्रे प्रसिद्ध केली. भिंती ढासळल्या होत्या, पण चित्राखाली नाव रोमचेच राहिले.

आपल्या लेण्यांचे काय झाले? जेम्स वेल्स या चित्रकाराने वेरूळची लेणी रेखाटली. १७९५ मध्ये, कान्हेरीचे काम हाती असतानाच, तो वारला. त्याची वेरूळची चित्रे थॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनला छापली आणि ग्रंथाला नाव दिले 'हिंदू एक्सकॅव्हेशन्स', म्हणजे हिंदूंची खोदकामे! वेरूळची पहिली बारा लेणी तर बौद्ध आहेत. त्यांतल्याच पाचव्या लेण्याला लोक 'महारवाडा' म्हणत आले. पुस्तकाच्या नावातून बुद्ध गायब, आणि लोकांच्या तोंडी त्याचा विहार गावकुसाबाहेर.

वस्तीतल्या पोरांना मी बोरिवलीहून कान्हेरीला नेते. तिथे ती धडाधड सेल्फी काढतात. जरूर काढा. पण आधी शिलालेखांची माहिती घ्या. कल्याण-सोपाऱ्याच्या ज्या लोकांनी भिक्खूसंघाला दान दिले, त्यांची नावे त्या दगडात आहेत. मग फोटोखाली लिहा : हा बौद्ध विहार आहे, दान अमक्याचे. आपण लिहिले नाही, तर ती ओळ दुसराच कोणी लिहील.

जय भीम!