तिसऱ्या खुर्चीचं वाद्य

टेनर ट्रॉम्बोन चांगला वाजवणारा माणूस पहिला बास ट्रॉम्बोन घ्यायला जातो, तेव्हा बहुतेक वेळा भलतंच वाद्य घेऊन येतो. नवख्याची अशी फसगत कमी होते, कारण त्याला स्वतःला काही ठरवता येत नाही आणि तो दुसऱ्याचं ऐकतो. टेनरवाला मात्र वाद्य हातात आल्या आल्या आपलं ठेवणीतलं काढतो. रावेलच्या ‘बोलेरो’तला सोलो, मोझार्टच्या ‘रेक्विएम’मधला ‘ट्यूबा मिरुम’, एखाद्या हिंदी गाण्यातला वरच्या पट्टीतला ब्रासचा तुकडा. ज्या वाद्यावर हे सगळं सहज वाजतं तेच त्याला पसंत पडतं. मग घरी येतो तो थोराड टेनर. त्याच्यावर बास ट्रॉम्बोनचं नाव आणि किंमत, एवढंच.

माझी उमेदीची सगळी वर्षं ट्रॉम्बोन सेक्शनमध्ये गेली, आधी टेनरवर आणि मग तिसऱ्या खुर्चीत बासवर. आता तरुण वादक सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना ब्रँड सांगत नाही. आधी विचारतो, खाली काय वाजवून बघितलंस?

वाद्य न वाजवणाऱ्या वाचकाला या दोघांत फरक दिसणं अवघड आहे. दोन्हींची मूळ नळी एकाच लांबीची, सरळ केली तर सुमारे नऊ फूट. दोन्ही बी फ्लॅटमध्ये. सिंफनीत वापरतात त्या मोठ्या टेनरच्या स्लाइडचा आतला व्यास 13.9 मिलिमीटर, बासचा 14.3. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. पण पुढे बेल साडेआठ इंचांची साडेनऊ होते, माउथपीस रुंद आणि खोल होतो, आणि मानेमागे एका व्हॉल्व्हच्या जागी दोन व्हॉल्व्हची वेटोळी येतात. हे सगळं मिळून वाद्याचा स्वभाव बदलतो. टेनरवर जिथे आवाज पातळ व्हायला लागतो, तिथून बासचं खरं घर सुरू होतं.

पूर्वी बास ट्रॉम्बोन खरोखरच लांब असे, एफ किंवा जीमध्ये बांधलेला. हात पुरत नसे म्हणून स्लाइडला दांडी लावलेली. इंग्लंडमध्ये तर जीचा दांडीवाला बास विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. दरम्यान 1839 मध्ये लाइपझिगच्या क्रिस्टियान फ्रीडरिश झाटलरने बी फ्लॅटच्या ट्रॉम्बोनला एफचा व्हॉल्व्ह बसवला होता. डाव्या अंगठ्याने लिव्हर दाबली की जास्तीची नळी जोडली जाते आणि वाद्य एकदम खाली उतरतं. आपल्या भाषेत षड्जावरून मंद्र पंचमावर. हळूहळू लांब नळीचा बास मागे पडला आणि रुंद नळीचा, व्हॉल्व्हचा बास त्याच्या जागी आला.

यात एक गोम आहे. नळी लांबली की प्रत्येक पोझिशनमधलं अंतरही वाढतं, पण स्लाइड तेवढीच राहते. साध्या ट्रॉम्बोनला सात पोझिशन. एफ व्हॉल्व्ह दाबला की सहाच मावतात. खालचा डी पाचवीच्या आसपास मिळतो, डी फ्लॅट सहावीच्या थोडा पुढे, सी अगदी टोकाला, स्लाइड हातातून निसटेल की काय अशा बेताने. त्याखालचा बी तर मिळतच नाही. बार्टोकने 1943 साली लिहिलेल्या ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’च्या चौथ्या भागात बास ट्रॉम्बोनला नेमक्या या बीपासून एफपर्यंत एक लांब मींड दिली आहे. एफच्या जुन्या बासवर ती सातवीतून पहिलीपर्यंत सरळ येते. आजच्या वाद्यावर तीच गोष्ट करताना वादकांना नाना युक्त्या कराव्या लागतात.

दुसरा व्हॉल्व्ह आला तो ही फट बुजवायला. दोन्ही एकत्र दाबले की आजच्या बहुतेक वाद्यांत वाद्य डीमध्ये जातं. मग डी पहिलीतच येतो, सी चौथीच्या आसपास, बी पाचवी आणि सहावीच्या मधे. सगळं हाताच्या टप्प्यात. काही जुन्या वाद्यांत दोन्ही मिळून डीऐवजी ई फ्लॅट येतो. अशा वाद्याला डीची लांब नळी मिळते का किंवा करून घेता येते का, हे व्यवहाराआधी विचारावं.

आता वादकांमध्ये हमखास रंगणारा वाद: डिपेंडंट की इंडिपेंडंट? पहिल्या प्रकारात दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याबरोबरच चालतो, एकटा दाबून उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात तो स्वतंत्रपणेही चालतो आणि बहुधा जी फ्लॅट देतो, त्यामुळे मधल्या भागात जलद तुकड्यांना जास्तीच्या वाटा मिळतात. त्या वाटा अंगवळणी पडायला बराच काळ जातो, आणि तोवर इंडिपेंडंट वाद्यही बहुतेक जण डिपेंडंटसारखंच वाजवतात. जुना, चांगल्या प्रकृतीचा डिपेंडंट बास, समजा कॉनचा 62एच, समोर आला तर केवळ या कारणावरून तो सोडू नये. मात्र एकाच व्हॉल्व्हचा बास पहिलं वाद्य म्हणून घ्यायला मी सांगणार नाही, कितीही स्वस्त असला तरी. तुमच्या टेनरला एफ व्हॉल्व्ह आहेच. म्हणजे खालच्या बीसाठी तुम्ही जिथे होतात तिथेच राहणार.

व्हॉल्व्हच्या जातींवर फार वेळ घालवू नये. साधा रोटर, थेयरचा शंकूच्या आकाराचा व्हॉल्व्ह, जिनिव्हाच्या हागमानचा व्हॉल्व्ह, तिन्हींवर जगभर उत्तम वादन होतं. पण आपल्याकडच्या दमट हवेत आणि दुरुस्तीच्या तुटपुंज्या सोयीत रोटर बरा. तो उघडून साफ करणारा, दोरी किंवा रबर बदलून देणारा कारागीर सापडू शकतो. बाकीच्यांच्या सुट्या भागांसाठी परदेशाकडे बघत बसावं लागतं आणि तोवर रेकॉर्डिंगची तारीख निघून जाते.

खरा वेळ द्यायचा तो वाजवून बघण्यावर. ‘बोलेरो’ वाजवायचाच नाही. एफ व्हॉल्व्हवर खालचा डी धरा, मध्यम आवाजात, आणि कान देऊन ऐका. मग दोन्ही व्हॉल्व्ह दाबून तोच डी पहिलीत. दोन्हींचा रंग जवळपास सारखा हवा. दुसऱ्या वेळी आवाज एकदम कोंदट झाला किंवा श्वास अडल्यासारखा वाटला तर व्हॉल्व्हच्या नळ्यांची मांडणी तुम्हाला साजणारी नाही. नंतर डी फ्लॅट, सी, बी, एकेक करून सावकाश, प्रत्येक स्वर हळू सुरू करून वाढवत न्या आणि परत खाली आणा. जोरात सगळीच वाद्यं बोलतात. हळू सुरू केल्यावर स्वर लगेच उमटतो की आधी नुसती हवा जाते, यावर वाद्याची पारख होते. त्याखाली पेडल बी फ्लॅट, आणि जमल्यास आणखी खाली.

तिसऱ्या खुर्चीचं काम काय असतं ते आठवा. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत, जी 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, ट्रॉम्बोन शेवटच्या भागातच येतात आणि तिथे बास खालून सगळा डोलारा उचलतो. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही ते शेवटच्याच भागात येतात, पण शांतपणे, स्तोत्र गायल्यासारखे. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीत अखेरीला टॅमटॅमचा एक ठोका पडतो आणि पाठोपाठ तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा अगदी दबक्या आवाजात वाजतात. तिथे बासने अंग चोरलं तर वरच्या दोघांना टेकायला काही उरत नाही, आणि जरा जास्त झालं तर तो एकटाच ऐकू येतो. म्हणून वाद्य बघायला जाताना शक्य असेल तर एक टेनरवाला मित्र बरोबर न्या. त्याला वरचा स्वर धरू द्या, तुम्ही खालचा षड्ज किंवा पंचम द्या आणि त्यालाच विचारा, माझ्यावर उभं राहता येतंय का? बेलच्या मागे उभ्या असलेल्या वादकाला आपला आवाज नीट कळत नाही, विशेषतः या वाद्यावर.

खाली वाजलं म्हणजे झालं, असंही नाही. बास ट्रॉम्बोन गाऊ शकतो हे जगाला पटवलं जॉर्ज रॉबर्ट्सने. स्टॅन केंटनच्या बँडमधून तो हॉलिवूडच्या स्टुडिओंत गेला. 1956 मध्ये फ्रँक सिनात्राने नेल्सन रिडलच्या अरेंजमेंटवर ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ गायलं, त्या रेकॉर्डिंगमध्ये रॉबर्ट्स आहे. मधला गाजलेला सोलो मिल्ट बर्नहार्टच्या टेनरचा, त्याबद्दल सगळे बोलतात. एकदा त्या सोलोकडे दुर्लक्ष करून खालचा आवाज ऐका. दोन व्हॉल्व्हची वाद्यं सर्रास मिळू लागण्याआधीचं हे वादन आहे. तरीही वर मी दोन व्हॉल्व्हचाच आग्रह धरतो, कारण आपण रॉबर्ट्स नाही.

आता हात. दोन व्हॉल्व्हचा बास जड असतो आणि त्याचा भार डाव्या मनगटावर येतो. पहिली लिव्हर अंगठ्याला, दुसरी बहुतेक वाद्यांत मधल्या बोटाला. दुकानात दहा मिनिटं उभं राहून वाजवलं की काही जाणवत नाही. बसून, सिंफनीच्या एका भागाएवढा वेळ वाद्य तोंडाला लावून ठेवा. मोकळ्या बारमध्ये खाली घेऊ नका. अंगठा ताणला जात असेल तर लिव्हर वाकवून किंवा जोडकाम करून जवळ आणता येते, ते अवघड काम नाही. लहान हातांच्या वादकांनी, आणि आता मुलीही या वाद्याकडे वळू लागल्या आहेत त्यांनी, याची लाज बाळगू नये. मनगट कायमचं दुखावून घेण्यापेक्षा टेकू लावलेला बरा.

माउथपीसच्या बाबतीत टेनरवाले दोन टोकांना जातात. मोठ्या टेनरचा आणि बासचा माउथपीस एकाच जाडीच्या दांड्यावर बसतो, त्यामुळे एक जण आपला जुना, साडेपंचवीस मिलिमीटरचा माउथपीस बासमध्ये खुपसतो आणि खालचे स्वर येत नाहीत म्हणून वाद्याला बोल लावतो. दुसरा पहिल्याच दिवशी सर्वांत मोठा घेतो आणि वरच्या मधल्या भागात त्याचा सूर उतरायला लागतो. बाख कंपनीचा दीड जी, सुमारे 27 मिलिमीटर, सुरुवातीला पुरे. सवाचा विचार वर्षभराने.

सेकंडहँड वाद्य घेणार असाल, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तेच परवडतं, कारण चांगल्या अमेरिकन वाद्याची किंमत लाखांत जाते, तर तपासणी स्वतः करा. स्लाइडच्या आतल्या नळ्यांवरचा मुलामा मोज्यांपाशी, म्हणजे टोकाच्या जाड भागापाशी, उडालाय का ते बघा. बेलच्या चोचीला आलेला पोचा निघतो, मुलामा गेलेली स्लाइड परत येत नाही. पितळेवर गुलाबी ठिपके, विशेषतः माउथपीसजवळच्या नळीवर आणि मागच्या वळणावर, दिसले तर धातू आतून खाल्ला जातोय. मुंबई-गोव्याच्या हवेत असं वाद्य आणखी लवकर जातं. रोटरसाठी लिव्हर न दाबता एफची नळी थोडी बाहेर ओढा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग लिव्हर दाबा. ‘टप्’ असा आवाज आला तर रोटर हवा धरून आहे. आवाज आला नाही तर किंमत पाडून मागा किंवा वाट धरा.

मुंबईत चार बास शेजारी ठेवून वाजवून बघावेत अशी सोय मला आजवर सापडलेली नाही. त्यामुळे परदेशी वादक आपल्याकडे येतात तेव्हा त्यांना गाठावं. 2006 मध्ये एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यापासून नरिमन पॉइंटला चांगले बास ट्रॉम्बोन जवळून ऐकायला मिळतात. मध्यंतरात नम्रपणे विचारलं तर वाद्याबद्दल बोलायला बहुतेक वादक नाही म्हणत नाहीत. यामाहा 830, बाख 50, गेट्झन 1062, एडवर्ड्‌स, शायर्स ही नावं कॅटलॉगमध्ये वाचण्यापेक्षा त्यांचा आवाज हॉलच्या मागच्या रांगेत बसून ऐकावा.

वाद्य घरी आल्यावर पहिले काही महिने ख्याल गायकांसारखा खर्जाचा रियाज करा, सकाळी, लांब श्वासाने, वरच्या पट्टीत न जाता. आणि टेनर विकू नका. आपल्याकडे बास ट्रॉम्बोनला काम आहे, वादक कमी असल्यामुळे बोलावणंही येतं, पण नुसत्या त्याच्यावर घर चालेल इतकं ते काम नाही.