तब्येत कशी आहे?

१९८० साली आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ चीनच्या हुनान प्रांतात, चांगशाला गेले. तिथं ‘मज्जातंतूंचा थकवा’ असं निदान झालेले १०० रुग्ण त्यांनी तपासले. डोकं दुखतं, झोप नाही, अंगात त्राण नाही, ही गाऱ्हाणी. अमेरिकी निकष लावले तर ८७ जणांना गंभीर नैराश्य निघालं! सांस्कृतिक क्रांती नुकतीच सरलेली. मनातलं बोलणं महागात पडायचं, डोकेदुखी सांगता यायची.

सीईएस-डी ही नैराश्य मोजायची २० प्रश्नांची प्रश्नावली. १९७७ची, अमेरिकेतली, पुढं चिनी भाषेतही आली. त्यात विचारतात, आपण इतरांइतकेच चांगले आहोत असं गेल्या आठवड्यात किती दिवस वाटलं? जिथं स्वतःला कमी लेखणं हाच अदब, तिथली म्हातारी ‘रोज’ म्हणेल कशाला? आणि तिचा संकोच आजाराच्या गुणांत जमा होतो.

आमच्या अम्मीचं उलट. कसंही विचारा, ‘शुक्र है अल्लाह का.’ गुडघ्यांवरून सुरुवात केली, तर तासाभरानं झोपेपर्यंत येते, मग अब्बांपर्यंत. गेल्या महिन्यात सर्वेक्षणाची मुलगी येऊन गेली. बिचारीला अजून चाळीस घरं करायची होती. अम्मीच्या रकान्यात ‘ठीक’ लिहून गेली.