इंजिन उघडण्याआधी

जालना,
मंगळवार

चि. ताईस,


तू पाठवलेला गाडीचा आवाज फोनवर पुन्हा पुन्हा ऐकला. त्यावरून निदान होणार नाही, हे आधीच सांगतो. फोनचा माइक माणसाचं बोलणं टिपायला केलेला असतो. इंजिनाच्या पोटातला जड ठोका तो जवळजवळ गिळून टाकतो आणि वरची टिकटिक मात्र ठळक ऐकवतो. त्यामुळे कनेक्टिंग रॉडचा ठोका आणि टॅपेटचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सारखेच वाटतात. टॅपेटचं काम फीलर गेज घेऊन तासाभरात होतं, रॉडसाठी मात्र इंजिन उघडावं लागतं. म्हणून हे पत्र. बोलून सांगितलं तर निम्मं विसरशील. कागद गॅरेजमध्ये बरोबर नेता येईल.

अंबडचे गॅरेजवाले उस्ताद म्हणतात, "इंजिन खोलावं लागेल, फुल काम करून टाकू." त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही. कदाचित शेवटी तेच करावं लागेल. पण खोलण्याआधी आवाज कुठून येतो, ते त्यांच्याबरोबर उभं राहून ठरव. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत माझी नोकरी गेली, तिथं डिझेल इंजिनं असायची. ठोका आला की एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं आणि आवाज बदलतो का ते ऐकायचं. नुसत्या आवाजावर कोणी इंजिन खोललं, तर फोरमन पहिला प्रश्न विचारायचे, "कुठल्या सिलिंडरचा?" उत्तर नसलं की पाना खाली ठेवावा लागायचा.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते नीट समजून घे. आपल्या अण्णांची ही पद्मिनी गाडी १९९४ची. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं ते इंजिन, बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. इतकी वर्षं चालून त्याचे भाग एकमेकांत बसलेले आहेत. क्रँक ग्राइंडिंगला दिला की जर्नलवरून, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागावरून, धातू कायमचा जातो. पहिला कट टेन, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, मग ट्वेंटी, मग थर्टी. प्रत्येक वेळी क्रँकचं आयुष्य एका पायरीनं कमी होतं. बोअरचंही तसंच, एकदा रिबोअर केलं की जुना पिस्टन निकामी. आणि नवा माल मिळणं आता सोपं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात या गाड्या बनवायची, ते उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे सुट्या भागांच्या दुकानांना गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईतून तीही गेली. गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माल किती दिवस ठेवणार? आपल्या जालन्यात तर भंगाराचा भाव सगळ्यांना तोंडपाठ. इथल्या लोखंडाच्या भट्टीत गेलेल्या क्रँकची चार दिवसांत सळई होते. अण्णांच्या गाडीचा मूळ क्रँक तिकडे जावा असं मला अजिबात वाटत नाही. म्हणून सांगतो, उगाच कापू देऊ नकोस.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. ठोका खरोखर रॉडच्या बेअरिंगचा असेल, तर गाडी आणखी चालवणं म्हणजे क्रँकवर कानस फिरवणं. आज बेअरिंग बदलून भागेल तिथं आठवड्यानं ग्राइंडिंग लागेल आणि महिन्यानं रॉड ब्लॉकमधून बाहेर येईल. त्यामुळे निदान होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस, शाळेतसुद्धा नेऊ नकोस. खाली लिहिलेल्या तपासण्यांना लागेल तेवढंच इंजिन चालव, तेही उगाच रेस न वाढवता.

तू लिहिलंस की शिर्डीला समृद्धी महामार्गानं जाऊन आल्यानंतर आवाज सुरू झाला. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. त्या रस्त्यावर कारला १२० किलोमीटरची मर्यादा आहे, पण ती पद्मिनीसाठी नाही. या इंजिनाच्या क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत. ते इंजिन आपल्या जुन्या रस्त्यांना सरावलेलं, जिथं दर पाच-दहा मिनिटांनी बैलगाडी, गाव किंवा खड्डा यायचा आणि इंजिनाला श्वास मिळायचा. काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर, वैशाखातल्या उन्हात, तासन्‌तास एकाच वेगानं पळवलं की ऑइल पातळ होतं आणि जर्नल व बेअरिंगमधला ऑइलचा पापुद्रा फाटतो. कमी ऑइलवर गेली असेल तर आणखी वाईट. निघण्याआधी डिपस्टिक बघितली होती का, ते आठवून सांग. हे दोष द्यायला विचारत नाही, निदानात त्याचा उपयोग आहे.

आता कामाला लागू. सुरुवात पोटातून नको, बाहेरून कर. फॅनबेल्ट काढून इंजिन मिनिटभर चालू कर. आवाज गेला तर पाण्याच्या पंपाचं किंवा चार्जिंगच्या डायनॅमोचं बेअरिंग. मग क्रँकच्या पुलीचा नट. तो ढिला असला की असा ठोका येतो की भलेभले फसतात. पेट्रोल पंप या गाडीत कॅमवर चालणारा आहे. त्याचा आर्म झिजला की खट खट करतो. तो उतरवून भोकावर पत्रा बसवला, तर कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं, तेवढ्यात ऐकून घ्यायचं. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर फ्लायव्हील आणि क्लचच्या बाजूला बघायला सांग. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर इंजिन थंड असताना टक टक येते, तापल्यावर कमी होते आणि जोडाशी काजळी दिसते. यातलं काहीही निघालं तर इंजिन उघडायचा प्रश्नच येत नाही.

त्यानंतर पेट्रोलचा ठोका. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर काचेच्या गोट्या खळखळल्यासारखा बारीक आवाज येतो, तो ढिल्या भागांचा नसतो. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि त्या दाबाच्या लाटा धातूला वाजवतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोनं यावर मोठं काम केलं. १९२१मध्ये अमेरिकेत थॉमस मिजलीनं पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून तो आवाज बंद केला. त्या शिशाचं विष जगानं पुढं कित्येक दशकं हवेतून घेतलं. आपल्याकडे ते देशभर बंद झालं २०००मध्ये. म्हणजे अण्णांनी गाडी घेतली तेव्हा पंपावर शिशाचंच पेट्रोल सर्रास मिळायचं. आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. त्याचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे ठोक्याला ते थेट कारण होऊ नये. मात्र इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि आपल्या कार्बोरेटरचे जेट साध्या पेट्रोलच्या हिशेबानं कापलेले आहेत. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. तपासायला सोपं आहे. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागं घ्यायचं. आवाज गेला तर तो याच जातीचा. पिकअप वाढावा म्हणून कोणी टायमिंग पुढं करून ठेवलेलं असतं, किंवा हेडमध्ये कार्बन साचलेला असतो. पण तू म्हणतेस की आवाज जागेवर उभ्या गाडीतही येतो, म्हणून माझा याच्यावर फारसा भर नाही.

खरी परीक्षा प्लगची. ती शांतपणे, घाई न करता कर. इंजिन पूर्ण तापू दे, मग ज्या वेगाला ठोका सगळ्यात स्पष्ट आहे त्या वेगावर उस्तादांना ॲक्सिलरेटर स्थिर धरायला सांग. एकेका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवायची. अधांतरी सोडायची नाही, आणि इन्सुलेटेड पक्कडच वापरायची. एखाद्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका एकदम कमी झाला, तर त्या सिलिंडरच्या रॉडचं मोठ्या टोकाचं बेअरिंग. कारण ज्वलनाचा दाब गेला की पिस्टन रॉडला खाली आपटत नाही. ॲक्सिलरेटर पटकन सोडल्यावर, इंजिनाचा वेग उतरत असताना दोन-तीन ठोके मोकळे ऐकू येतात का, तेही बघ. हीसुद्धा रॉडचीच खूण. वायर काढल्यावर ठोका उलट वाढला किंवा एकाचे दोन झाले, तर गजन पिन, म्हणजे रॉडचं वरचं टोक. आवाज दबका, जमिनीतून पायाला जाणवणारा असेल आणि एका प्लगनं फारसा फरक पडत नसेल, पण शेजारच्या दोन वायरी काढल्यावर पडत असेल, तर मेन बेअरिंग.

पिस्टनचा आवाज वेगळा. तो पोकळ असतो, सकाळी थंड इंजिनात मोठा आणि तापल्यावर मावळतो, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त फुगतो आणि फट भरून काढतो. थंड इंजिनाचा प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोड, हातानं दोन फेरे फिरव, प्लग लावून सुरू कर. आवाज काही क्षण दबला तर पिस्टनच. असा पिस्टन वर्षानुवर्षं चालतो, त्यासाठी कोणी इंजिन खोलू नये. आणि टॅपेट? कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून त्याची टिकटिक संथ असते. झाकण काढून, चालू इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे फीलर गेजची पट्टी सरकवली की ज्याचा आवाज थांबतो तो दोषी.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा कानाला लावून ऐकायचं उस्तादांना सांगायला नको. पण एक गोष्ट ते कदाचित करणार नाहीत, ती तू आग्रहानं करून घे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलचा दाब दाखवत नाही, दाब जवळजवळ संपल्याचं दाखवतो. ब्लॉकवरचा दिव्याचा स्विच काढून तिथं घड्याळाचं गेज बसवायचं आणि तापलेल्या इंजिनावर दाब मोजायचा. दर हजार फेऱ्यांमागं साधारण दहा पौंड, हा आमचा ठोकताळा. दाब बराच खाली असेल तर मेन बेअरिंग झिजलेली किंवा ऑइल पंप दमलेला. दाब चांगला असला तरी लगेच हायसं वाटून घेऊ नकोस. एकच रॉड ठोकत असला तरी दाब नेहमीसारखा दिसू शकतो. आणि कोणी जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध घालायला सांगितलं तर ऐकू नकोस. त्यानं आवाज दबतो, झीज दबत नाही.

नंतर ऑइल काढा. गरम असताना, धुतलेल्या परातीत, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून. फडक्यावर उन्हात चमक दिसते का बघ. चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटले तर लोखंड, म्हणजे रिंग, कॅम किंवा क्रँक. चिकटले नाहीत आणि रुपेरी असतील तर बहुधा बेअरिंगचा पांढरा धातू, क्वचित पिस्टनचं ॲल्युमिनियम. तांबूस दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला तांब्याचा उघडा पडला आहे. मग शंका उरत नाही.

एवढं सगळं रॉडकडेच बोट दाखवत असेल, तरी "फुल काम" लगेच कबूल करू नकोस. आधी नुसतं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं पात्र, उतरवायचं, त्यासाठी इंजिन थोडं उचलावं लागलं तरी हरकत नाही. ठोकणाऱ्या सिलिंडरची रॉड कॅप काढून बेअरिंग डोळ्यांनी बघायचं आणि जर्नल मायक्रोमीटरनं मोजायचा, आडवा आणि उभा. दोन्ही मापं सारखी, पृष्ठभाग गुळगुळीत आणि माप मूळ साइजचं असेल, तर बेअरिंगचा जोड बदलून चेंबर परत लावता येतं. जर्नल अंडाकृती झाला असेल किंवा नख अडकेल अशा रेघा असतील, तर ग्राइंडिंगला पर्याय नाही. तेव्हा मात्र मागं सरू नकोस, मीही तुझ्याबरोबर उभा राहीन. फक्त आधी किती कापायचं ते मोजून ठरवा, मग त्या साइजचं बेअरिंग मिळतं का ते शोधा आणि ते हातात आल्यावरच क्रँक लेथवाल्याकडे द्या. उलट क्रमानं केलं की गाडी अर्धी उघडी, सहा-सहा महिने शेडमध्ये पडून राहते. बोअर, कॉम्प्रेशन, रिंग यांचा निर्णय त्यांच्या त्यांच्या मापांवर, वेगळा.

तपासण्यांनंतर रॉडच निघाला तर गाडी चालवत जालन्याला आणायची नाही, टेम्पोत घालून आण. त्याचं भाडं मी देईन, यावर वाद नको.

गेज माझ्याकडं आहे, शनिवारी अंबडला येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतो. बसवताना जुना वॉशर वापरू नका, तांब्याचा नवा घ्या, नाहीतर गरम ऑइलची धार हातावर येईल. प्लगच्या तपासणीत काय दिसलं ते सिलिंडरच्या नंबरासह लिहून ठेव. नंबर रेडिएटरच्या बाजूनं मोजायचे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
काका