वॉल्सिंगहॅमची वाट

इंग्लंडला जाऊन आलो म्हटले की आपल्याकडची मंडळी राजवाडा आणि लंडनचे घड्याळ यांविषयीच विचारतात. आम्ही उभयतांनी ते सारे एका दिवसात, भर पावसात, बसच्या खिडकीतून उरकले. इंग्लंड आम्हांला भेटले ते लंडनबाहेर, मे महिन्यात, मावसभावाच्या मोटारीतून.

जाण्याचे खरे कारण मावशी. १९६७ साली परिचारिका म्हणून ती वसईहून तिकडे गेली आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तिने उभी हयात काढली. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. यजमान निवर्तले आहेत. आजोबांच्या वाडीत तिचा हिस्सा आहे. वाडी विकण्याचे घरात घाटत असल्याने थोरल्यांनी आमच्यापाशी कागद दिले होते. सही घेऊन या, एवढेच सांगणे. सुकेळीचे दोन पुडे आणि ते कागद एकाच पिशवीत होते. मावशीने सुकेळी काढून घेतली, वास घेतला, आणि कागदांकडे पाहून म्हणाली, “आधी मला वॉल्सिंगहॅमला न्या. मग बघू.”

केंब्रिज मागे पडले आणि जमीन ताटासारखी सपाट झाली. हा फेन्सचा प्रदेश. माती काळीभोर, शेते नजर पोहोचेल तिथवर, आणि चमत्कार असा की नदी आपल्या डोक्यावरून वाहते! सतराव्या शतकात व्हर्मुडेन नावाच्या डच अभियंत्याने इथली दलदल कोरडी करण्याचे मोठे काम हाती घेतले. पाणी उपसले, तशी कुजलेल्या वनस्पतींची ती माती सुकून आक्रसली, जमीन वर्षानुवर्षे खचत गेली, आणि नद्या बांधांच्या आधाराने उंचावरच राहिल्या. आज पंप थांबले तर शेते पुन्हा पाण्याखाली जातील. मावसभाऊ हे सारे इंग्रजीत समजावीत होता. त्याला मराठी कळते, बोलता येत नाही. मावशी मात्र मध्येच आपल्या बोलीत म्हणाली, “पाण्याला जागा दिली नाही तर पाणी आपली जागा घेतं.” २०१८ च्या जुलैत वसईत घराघरांत शिरलेले पाणी आम्हां दोघांनाही त्या क्षणी आठवले. कुणी काही बोलले नाही.

वाटेत इलीचे कॅथेड्रल पाहिले. १३२२ साली त्याचा मधला मनोरा कोसळला, तेव्हा त्या जागी ओकच्या प्रचंड वाशांवर तोललेला अष्टकोनी मनोरा उभारला गेला. मान दुखेपर्यंत पाहत राहावे असे ते काम आहे. शेजारच्या पवित्र मरियेच्या चॅपेलात मात्र भिंतींवरल्या मूर्तींची मस्तके उडवलेली आहेत. धर्मसुधारणेच्या काळातली ती नासधूस कुणी दुरुस्त केलेली नाही, आणि आमच्या मते ते बरेच झाले.

पुढे नॉरफोक. चकमकीच्या दगडांची घरे, पांढऱ्या फुलांनी लवलेली कुंपणे, आणि रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की एकाने मागे सरायचे, दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे. हॉर्न कुणी वाजवीत नाही.

वॉल्सिंगहॅमची परंपरा १०६१ पासून सांगतात. नाझरेथच्या पवित्र घराची प्रतिकृती इथे होती. राजेरजवाडे इथे यात्रेला येत. आठव्या हेन्रीनेही ही यात्रा केली होती, आणि त्याच्याच राज्यात १५३८ साली मठ उद्ध्वस्त झाला. पूर्वेकडल्या खिडकीची उंच कमान तेवढी हिरवळीवर उभी आहे. गावापासून मैलभर अलीकडे चौदाव्या शतकातले ‘स्लिपर चॅपेल’ आहे. यात्रेकरू तिथे पादत्राणे काढून उरलेला मैल अनवाणी चालत असे म्हणतात. मधल्या काळात त्या चॅपेलात गुरेसुद्धा बांधली गेली. १९३४ साली ते इंग्लंडच्या कॅथलिकांचे राष्ट्रीय तीर्थस्थान झाले आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला बॅसिलिकाचा मान दिला.

तो मैल आम्ही पूर्वीच्या रेल्वेमार्गावरून, मावशीची चाकाची खुर्ची ढकलीत गेलो. तिने मोजे काढायला लावले आणि पाय तसेच उघडे ठेवले. हवा चांगलीच गार होती. रोझरीचे तीन भेद झाल्यावर ती थांबली.

“माझी जागा यांच्या शेजारी घेऊन ठेवली आहे,” ती म्हणाली. “मी काही आता वसईला येत नाही. वाडीतला पैसाही मला नको. पण बावखल बुजवायचं नाही. आईनं त्याच पाण्यावर आम्हां सात जणांना वाढवलं. तेवढं कागदात लिहून आणा, मग सही करते.”

आम्ही तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. करायला हवा होता, असे घरच्या काहींचे मत आहे.

कागद सहीविना परत आले. परतल्यावर दोन बैठकी झाल्या, एकमत नाही. बावखलाची मोजणी पावसाळ्यापूर्वी करून घ्यायची, एवढे मात्र ठरले आहे.